आकाराची नोंद आणि अनामिक कारागीर

वस्तूची मालकी निराळी आणि त्या वस्तूच्या आकाराची मालकी निराळी, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. बाजारांतून चपलांचा जोड विकत घेतला म्हणजे तो घेणाऱ्याचा झाला, हें लहान मुलालाही समजतें. परंतु त्या चपलेचा घाट, तिच्या पट्ट्यांची मांडणी आणि तीवरील वेणीची गुंफण ही कोणाची, असें विचारलें तर शहाणा मनुष्यही क्षणभर थबकेल. ज्यानें ती शिवली त्याची म्हणावी, तर त्यानें ती वडिलांपासून उचलली. वडिलांची म्हणावी, तर त्यांनीं ती आजोबांच्या हाताखालीं बसून घेतली. असें मागें मागें जावें तों मूळ मालकाचा पत्ताच लागत नाहीं. उलटपक्षीं, पश्चिमेकडील कायद्यानें गेल्या दोन-अडीचशें वर्षांत असें ठरवून टाकलें आहे कीं, आकारालाही मालक असूं शकतो. मात्र त्यानें तो आकार ठराविक कचेरींत, ठराविक मुदतींत व ठराविक पद्धतीनें नोंदविला पाहिजे. या नोंदणीच्या अर्जाचा इतिहास वरवर पाहतां रुक्ष वाटेल. पण सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरससारख्या तालुक्यांतील कारागिरांच्या पोटापाण्याशीं त्याचा संबंध आहे, आणि म्हणूनच तो सविस्तर पाहण्याजोगा आहे.

माळशिरस हें सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील तालुक्याचें गांव. उत्तरेस नीरा नदी, तिच्या कालव्यावर वाढलेला ऊंस, माळीनगर व श्रीपूर येथील साखरेचे कारखाने, आणि कालव्याचें पाणी जेथें पोंचत नाहीं तेथें मेंढरें चारण्याचें माळरान, असें या तालुक्याचें दुहेरी रूप आहे. आषाढी वारीच्या वेळीं ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुतें, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत याच रस्त्यानें पंढरपुराकडे जाते. तुकाराम महाराजांची पालखी अकलूजास येते. लक्षावधि पावलें ज्या मुलखांतून चालतात, तेथें पादत्राणाची परीक्षा दुकानाच्या आरशांत होत नसते. कमावलेल्या चामड्याचा जाड तळ, अंगठा अडकविण्याचें कडें, दोन्ही बाजूंचे कान आणि वरची पट्टी, हा घाट कोणा एकाच्या डोक्यांतून एका रात्रींत निघालेला नाहीं. तो चालून चालून ठरलेला आहे.

हीच चप्पल मुंबई-पुण्यास आणि परदेशांत 'कोल्हापुरी' या नांवानें ओळखली जाते. नांव एका शहराचें असलें, तरी ती एकट्या कोल्हापुरांत होत नाहीं. सरकारी नोंदींत महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे तिचे उत्पत्तिप्रदेश म्हणून दिलेले आहेत. सोलापूर जिल्ह्याबरोबर माळशिरस तालुकाही अर्थातच या यादींत येतो. तेव्हां चपलेच्या आकारावर हक्क कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर आधीं आकारावरील हक्काचा कायदा कोठें जन्मला आणि तो अर्जदाराला काय काय विचारतो, हें पाहिलें पाहिजे.

या कायद्याचा उगम फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरीं सांपडतो. अठराव्या शतकांत तेथील विणकामाची कीर्ति युरोपभर होती. रेशीम कोणीही विकत घेऊं शके. पण नवें फूल, नवी वेल, नवी नक्षी काढणारा कलावंत व्यापाऱ्याला पगार देऊन पदरीं ठेवावा लागे. दुसऱ्या व्यापाऱ्यानें ती नक्षी कारागिराकरवीं चोरून नेली, तर पहिल्याचा खर्च पाण्यांत जाई. म्हणून १७११ सालीं त्या शहराच्या कारभाऱ्यांनीं अशा चोरीस मनाई करणारा हुकूम काढला. पुढें नेपोलियनच्या अमदानींत १८ मार्च १८०६ रोजीं जो कायदा झाला, त्यानें या कामीं एक व्यवस्था घालून दिली. कारखानदारानें आपल्या कापडाचा नमुना घडी करून पाकिटांत घालावा, त्यावर आपली मोहोर करावी आणि तें पाकीट धंद्यांतील तंटे मिटविणाऱ्या पंचमंडळाच्या कचेरींत ठेवावें. पंचमंडळानेंही त्यावर आपली मोहोर करावी व तारीख नोंदवावी. हक्क एक वर्षाचा, तीन वर्षांचा, पांच वर्षांचा कीं कायमचा पाहिजे, हें अर्जदारानें सांगावें आणि त्या मानानें फी भरावी. तंटा उद्भवला म्हणजे पाकीट फोडून पाहावयाचें.

आज जगांत चालणाऱ्या सर्व अर्जांचें बीज या पाकिटांत आहे. नमुना, धन्याचें नांव आणि तारीख या तीन गोष्टी त्यांत होत्या. चौथी गोष्ट, म्हणजे ही नक्षी कोठून सुचली, कोणापासून शिकली, ही मात्र कोणीं विचारली नाहीं. ल्यों शहरापुरतें पाहिलें तर तसें विचारण्याचें कारणही नव्हतें. व्यापारी, कलावंत व विणकर हे सारे एकाच गांवचे, एकमेकांस ओळखणारे. पण तो अर्ज पुढें गांव सोडून जगभर फिरला आणि ती उणीव त्याच्याबरोबर फिरत राहिली. याच सुमारास याच शहरीं जाकार नांवाच्या गृहस्थानें भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्यानें नक्षी विणणारा माग पूर्णत्वास नेला. तो माग कालांतरानें सोलापुरास आला आणि सोलापुरी चादरीवरील मोर त्यावरच विणले गेले. ल्यों येथील माग सोलापूरच्या विणकरानें आपलासा केला. तेथील पाकीट मात्र त्याच्या हातीं फार उशिरां आलें.

इंग्लंडांत या कायद्याची सुरुवात कापड छापणाऱ्यांपासून झाली. १७८७ सालीं तेथें ताग व कापूस यांच्या कापडावरील नव्या छापास दोन महिन्यांचें संरक्षण देण्यांत आलें. या कायद्यांत 'कॅलिको' हा शब्द आहे, आणि तो मलबार किनाऱ्यावरील कालिकत बंदराच्या नांवावरून आलेला आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. हिंदुस्थानांतून जाणाऱ्या छापील कापडानें विलायतेंतील बाजार व्यापला, तेव्हां १७०० व १७२० या सालच्या कायद्यांनीं त्यास बंदी झाली आणि त्याच्या अनुकरणानें तेथील छपाईचा धंदा वाढला. म्हणजे ज्या धंद्यानें आकार उचलण्यापासून आरंभ केला, त्याच धंद्यानें आपला आकार दुसऱ्यानें उचलूं नये म्हणून कायदा मागितला. इतिहासांत अशा गोष्टी नव्या नाहींत. १८३९ सालीं तेथें आकारांची नोंदणी करणारी स्वतंत्र व्यवस्था झाली आणि १८४२ च्या कायद्यानें धातु, लांकूड, कांच, मातीचीं भांडीं, कापड असे वर्ग पाडण्यांत आले. अर्जाबरोबर वस्तूचा वर्ग सांगणें आतां भाग पडलें. पाकिटांतील तीन गोष्टींत ही एक भर पडली.

हिंदुस्थानांत नवीन शोधांविषयींचा कायदा १८५६ पासून व पुन्हां १८५९ पासून होता. नमुने व आकार यांच्यासाठीं १८७२ सालीं कायदा करण्यांत आला. पुढें १८८८ चा व त्यानंतर १९११ चा कायदा आला. १९११ च्या कायद्यानें पांच वर्षांचा हक्क मिळे व तो पांच-पांच वर्षांनीं दोनदां वाढवितां येई. नोंदणी कलकत्त्यास होई, आणि आजही डिझाइनची नोंदणी करणारी कचेरी कोलकात्यासच आहे. कायद्याच्या भाषेंत ज्याला डिझाइन म्हणतात, तें म्हणजे वस्तूचें डोळ्यांना दिसणारें रूप: तिचा घाट, रेषा, रंगांची जुळणी, नक्षी. ती वस्तु काम कसें करते याच्याशीं या कायद्याला कर्तव्य नसतें. चपलेचा तळ अधिक टिकावा म्हणून कांहीं नवी युक्ति काढली, तर ती पेटंटच्या कायद्याखालीं जाईल. त्याच चपलेवरची वेणी नव्या तऱ्हेनें गुंफली, तर ती डिझाइनच्या कायद्याखालीं येईल.

१९११ च्या कायद्यांत एक मोठी फट होती. आकार नवीन आहे कीं नाहीं, हें ठरवितांना तो पूर्वीं या देशांत प्रसिद्ध झाला होता काय, एवढेंच पाहिलें जाई. परदेशांत जुना झालेला नमुना येथें नवा म्हणून नोंदवितां येत असे. पेटंटचा नवा कायदा १९७० सालीं झाला, तरी डिझाइनपुरता १९११ चाच कायदा पुढें चालू राहिला. अखेर २००० सालीं नवा कायदा होऊन तो ११ मे २००१ पासून अंमलांत आला. त्यानें ही फट बुजविली. जगांत कोठेंही प्रसिद्ध झालेला आकार आतां नवा मानला जात नाहीं. हक्काची मुदत १० वर्षें ठेवून ती आणखी ५ वर्षें वाढविण्याची सोय केली. १९९५ सालीं अंमलांत आलेल्या जागतिक व्यापाराच्या करारानें १० वर्षांची किमान मुदत घालून दिलीच होती. त्याच करारांत कापडाच्या नक्षीसाठीं एक वेगळें कलमही आहे. अर्जाचा खर्च, तपासणी किंवा प्रसिद्धि यांच्या अटी इतक्या जाचक असूं नयेत कीं, विणकराला हक्क मिळविणेंच अशक्य व्हावें, असा त्याचा आशय आहे. सोलापूरसारख्या गांवीं हें कलम मोठ्या अक्षरांत लावून ठेवण्याजोगें आहे.

येथवर झाला एकेका देशाचा हिशेब. परंतु वस्तु आगगाडींतून व आगबोटींतून सीमा ओलांडूं लागल्या, तेव्हां एका देशाची नोंद दुसऱ्या देशांत निरुपयोगी ठरूं लागली. १८७३ सालीं व्हिएन्ना येथें जागतिक प्रदर्शन भरलें. त्यांत आपले शोध मांडण्यास परदेशचे कारखानदार कचरूं लागले, कारण मांडले कीं ते उचलले जातील ही भीति. या भीतींतून जी बोलणीं सुरू झालीं त्यांचें फळ म्हणजे २० मार्च १८८३ चा पॅरिसचा करारनामा. त्यानें अग्रहक्काचें तत्त्व घालून दिलें. एका देशांत अर्ज केल्यावर ठराविक मुदतींत दुसऱ्या देशांत अर्ज केला, तर त्या दुसऱ्या अर्जालाही पहिल्याचीच तारीख लागू पडते. डिझाइनच्या बाबतींत ही मुदत हल्लीं सहा महिन्यांची आहे. भारत या करारनाम्यांत ७ डिसेंबर १९९८ रोजीं सामील झाला.

तरीही दहा देशांत हक्क पाहिजे असेल तर दहा अर्ज, दहा वकील व दहा फिया हें ओझें राहिलेंच. तें हलकें करण्यासाठीं ६ नोव्हेंबर १९२५ रोजीं हॉलंडमधील हेग या शहरीं निराळा करार झाला व तो १ जून १९२८ पासून अंमलांत आला. एकाच आंतरराष्ट्रीय कचेरींत एकदांच नमुना ठेवावयाचा, म्हणजे करारांत असलेल्या सर्व देशांत तो नोंदल्यासारखा व्हावा, अशी ही योजना होती. मुदत पंधरा वर्षांची. पैकीं पहिलीं पांच वर्षें नमुना उघडा ठेवावा कीं मोहोरबंद पाकिटांत, हें अर्जदाराच्या मर्जीवर होतें. सव्वाशें वर्षांपूर्वींचें ल्यों येथील पाकीट येथें पुन्हां दृष्टीस पडतें. फरक इतकाच कीं, आतां तें एका शहराच्या कपाटांतून राष्ट्रांच्या सामाईक कपाटांत गेलें होतें.

या करारास पुढें १९३४ सालीं लंडन येथें, १९६० सालीं हेग येथें व २ जुलै १९९९ रोजीं जिनीव्हा येथें नवीं रूपें मिळालीं. जिनीव्हाच्या रूपाप्रमाणें अर्जदारास काय काय द्यावें लागतें, तें थोडक्यांत असें. पहिली गोष्ट, अर्ज करण्याची पात्रता: अर्जदार करारांतील एखाद्या देशाचा नागरिक असावा, किंवा तेथें राहणारा असावा, किंवा तेथें त्याचा खराखुरा चालता धंदा असावा. दुसरी, अर्जाची भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकीं एक असावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आकाराचें चित्र किंवा छायाचित्र. त्यांत ती वस्तु एकटीच साध्या पार्श्वभूमीवर दिसावी. शेजारीं मनुष्य नको, दुसरी वस्तु नको, चित्रावर समजावणीचा मजकूर नको, मोजमापाच्या रेषा नकोत. चौथी, ती वस्तु काय आहे व ठरलेल्या वर्गीकरणांत कोठें बसते याचा उल्लेख. एका अर्जांत शंभरपर्यंत आकार देतां येतात, पण ते सर्व एकाच वर्गांतले असले पाहिजेत. पांचवी, ज्या देशांत हक्क हवा त्यांचीं नांवें. सहावी, स्विस फ्रँकांत फी. याशिवाय कांहीं देश तीन जादा गोष्टी मागूं शकतात: आकार निर्माण करणाऱ्याचें नांव, थोडक्यांत वर्णन आणि हक्काच्या मागणीचें वाक्य. एवढें झालें म्हणजे नोंद पांच वर्षांसाठीं होते, व ती किमान १५ वर्षांपर्यंत वाढवितां येते.

या करारांत दक्षिण कोरिया २०१४ सालीं, अमेरिका व जपान २०१५ सालीं आणि चीन २०२२ सालीं सामील झाले. भारत २०२५ सालअखेरपर्यंत त्यांत सामील झालेला नव्हता. त्यामुळें ज्याचा धंदा भारतांतच आहे अशा कारागिराला पात्रतेच्या पहिल्याच अटीवर परत फिरावें लागे. परदेशांत हक्क पाहिजे तर कोलकात्यास अर्ज करून सहा महिन्यांच्या आंत प्रत्येक देशांत वेगळा अर्ज करणें, एवढाच मार्ग त्यास मोकळा राही. माळशिरसच्या चर्मकाराला किंवा घोंगडीं विणणाऱ्या सनगराला हा खर्च झेपणारा नव्हे, हें सांगावयास नको.

परंतु समजा, फी कोणी भरली, अर्ज कोणी लिहून दिला, करारांतही देश सामील झाला. तरी खरी अडचण पुढेंच आहे. कायदा म्हणतो, आकार नवा असला पाहिजे आणि अर्जापूर्वीं तो लोकांपुढें आलेला नसावा. कापशी, पुकरी, बक्कलनाळी अशा नांवांनीं ज्या चपला पिढ्यान् पिढ्या ओळखल्या जात आहेत, त्या नव्या कशा म्हणाव्यात? अकलूजच्या बाजारांत मांडलेली चप्पल जगापुढें आलेलीच असते. निर्माण करणाऱ्याचें नांव मागितलें, तर कोणाचें लिहावें? जो आकार हजार हातांनीं घडविला, त्याच्यासाठीं अर्जांत एक रकाना आहे आणि त्यांत तीं हजार नांवें मावत नाहींत. तात्पर्य, जुना आकार हा या कायद्याच्या दृष्टीनें कोणाचाच नाहीं. आणि जो कोणाचाच नाहीं, तो सर्वांचा.

ही उणीव भरून काढण्यासाठीं दुसरा एक कायदा आहे. १९९९ सालीं भौगोलिक उपदर्शनाचा कायदा झाला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलांत आला. एखाद्या प्रदेशाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मालाचें नांव इतरांनीं वापरूं नये, हा त्याचा हेतु. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांना त्याखालीं नोंद मिळाली. कोल्हापुरी चपलेची नोंद २०१८-१९ या वर्षीं झाली. महाराष्ट्राचें संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचें तशाच प्रकारचें महामंडळ हीं तिचीं नोंदणीकृत मालक आहेत. मात्र या कायद्याची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. तो नांवाला कुंपण घालतो, आकाराला नाहीं. कोणी परगांवीं केलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकूं लागला, तर त्यास रोखतां येतें. पण तोच घाट उचलून नांवच गाळलें, तर हा कायदा फारसा उपयोगीं पडत नाहीं.

नेमकें असेंच जून २०२५ मध्यें इटालींतील मिलान शहरीं घडलें. प्राडा या नामांकित कंपनीनें आपल्या नव्या पोशाखांच्या प्रदर्शनांत जीं पादत्राणें मांडलीं, तीं पाहतांक्षणींच महाराष्ट्रांतील लोकांनीं ओळखलीं. कंपनीनें त्यांना केवळ चामड्याच्या सँडल्स म्हटलें होतें. मूळ गांवाचा किंवा देशाचा उल्लेख नव्हता. येथें मोठी ओरड झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनें कंपनीस पत्र धाडलें, तेव्हां ही प्रेरणा भारतीय हस्तकलेच्या परंपरेंतून घेतली असल्याचें कंपनीनें कबूल केलें. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांतही गेलें. पण नोंदीचे मालक स्वतः दाद मागूं शकतात, इतरांस तो अधिकार नाहीं, असें म्हणून जुलै २०२५ मध्यें न्यायालयानें तो अर्ज फेटाळला. पुढें डिसेंबर २०२५ मध्यें कंपनी व दोन्ही महामंडळें यांच्यांत मिळून चपला बनविण्याचा समझोता झाला. शेवट गोड झाला असें म्हणतां येईल. परंतु तो लोकांच्या बोभाट्यानें झाला, कायद्याच्या बळानें नव्हे. प्रत्येक वेळीं एवढा बोभाटा होईलच, असा भरंवसा कोणीं द्यावा? कापशी चपलेची ओळख शहरांत तरी आहे. माळावरच्या घोंगड्याच्या किनारीसाठीं मिलानपर्यंत आवाज पोंचेल काय?

याचें उत्तर शोधतांना एका महाराष्ट्रीय शास्त्रज्ञानें चालविलेली लढाई आठवते. हळदीनें जखम भरून येते, हें आपल्या घरोघरच्या स्त्रियांस ठाऊक आहे. तरीही १९९५ सालीं अमेरिकेंत याच गुणावर पेटंट देण्यांत आलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. तें रद्द झालें तें घरोघरच्या अनुभवाच्या जोरावर नव्हे. हा उपयोग आधीं ठाऊक होता हें दाखविणारे जुने लेखी आधार परिषदेनें पुढें केले, त्यांत १९५३ सालीं भारतांतील एका वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध झालेला लेखही होता, म्हणून तें रद्द झालें. नोंदणीच्या कचेऱ्या कागदावर विश्वास ठेवतात, हातावर नाहीं. या अनुभवानंतर पारंपरिक औषधांच्या ज्ञानाचा मोठा संग्रह सरकारनें तयार करविला. औषधांना ग्रंथ होते, म्हणून तें साधलें. चपलेचा घाट आणि घोंगड्याची किनार यांना ग्रंथ नाहींत. आरी, रापी आणि मागाचा धोटा हींच त्यांचीं पुस्तकें.

अलीकडे या बाबतींत एक महत्त्वाचें पाऊल पडलें आहे. डिझाइनच्या अर्जांत काय असावें, हें सर्व देशांत शक्य तितकें एकसारखें व्हावें, म्हणून जिनीव्हा येथें पुष्कळ वर्षें वाटाघाटी चालल्या होत्या. २०१४ च्या सुमारास आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं असा आग्रह धरला कीं, अर्जदारानें आपल्या आकाराचें मूळ एखाद्या परंपरेंत असेल तर तें सांगितलें पाहिजे. या एका मुद्द्यावर गाडें अनेक वर्षें अडून राहिलें. शेवटीं २२ नोव्हेंबर २०२४ रोजीं अरबस्तानांतील रियाध येथें डिझाइनच्या कायद्याविषयींचा नवा करार मंजूर झाला. अर्जदाराला ठाऊक असलेली व नोंदणीच्या पात्रतेशीं संबंध असलेली माहिती, तींत पारंपरिक कला व पारंपरिक ज्ञान यांची माहितीही आली, ती अर्जांत मागण्याची मुभा त्या करारानें प्रत्येक देशाला दिली. भारतानेंही रियाधच्या अंतिम मसुद्यावर सही केली. १५ राष्ट्रांनीं मान्यता दिल्यावर हा करार अंमलांत यावयाचा, असें ठरलें आहे. याच करारांत आकार लोकांपुढें आल्यानंतरही बारा महिन्यांच्या आंत अर्ज करण्याची सवलत आहे. बाजारांत माल मांडूनच ज्याला गिऱ्हाइकाची आवड कळते, अशा लहान कारागिराला ती उपयोगी पडेल.

ल्यों येथील पाकिटांत जो प्रश्न नव्हता, तो सव्वादोनशें वर्षांनीं अर्जाच्या कागदावर येऊं घातला आहे, असा याचा अर्थ. पण आनंदून जाण्यापूर्वीं त्या कलमाचे दोन शब्द नीट वाचावे लागतील. एक, ही माहिती मागण्याची मुभा आहे, सक्ति नाहीं. कोणता देश मागेल व कोणता मागणार नाहीं, हें त्याच्या इच्छेवर आहे. दुसरा शब्द त्याहूनही महत्त्वाचा: अर्जदाराला 'ठाऊक असलेली' माहिती. मिलानच्या किंवा टोकियोच्या अर्जदारानें 'हें मला ठाऊक नव्हतें' म्हटलें, तर पुढें काय? त्याला तें ठाऊक होतें, किंवा निदान तपासणाऱ्या कचेरीला तें सहज कळण्याजोगें होतें, असें दाखवितां आलें पाहिजे. आणि तें दाखविण्याचा मार्ग म्हणजे तारखेसह प्रसिद्ध झालेलें चित्र.

तेव्हां अर्जाच्या या साऱ्या इतिहासांतून निघणारा धडा साधा आहे. अर्जाला चित्र पाहिजे, तारीख पाहिजे व नांव पाहिजे. आपल्या कारागिरींत कौशल्य अमाप आहे, पण या तीन गोष्टींचें दारिद्र्य आहे. तें दूर करणें हें एकट्या सरकारचें काम नव्हे. तालुक्याच्या गांवीं शाळा आहेत, वाचनालयें आहेत, छायाचित्रें घेणारीं साधनें आतां घरोघर आहेत. माळशिरस, वेळापूर, नातेपुतें येथील चर्मकारांच्या व सनगरांच्या घरांत आज जे घाट व ज्या किनारी होत आहेत, त्यांचीं एकेक वस्तु स्वतंत्र दिसेल अशीं स्वच्छ चित्रें, स्थानिक नांव, गांवाचें नांव व तारीख यांसह छापून प्रसिद्ध झालीं, तर तो घाट नवा म्हणून नोंदविण्याची वाट कोणासही मोकळी राहणार नाहीं. कारण, वर पाहिलें त्याप्रमाणें, जगांत कोठेंही प्रसिद्ध झालेला आकार आपल्या कायद्यानें नवा ठरत नाहीं, आणि इतर अनेक देशांचा दंडकही असाच आहे. अशा चित्रावरून आकाराची मालकी मिळणार नाहीं, हें खरें. पण जें सर्वांचें आहे तें एकट्याच्या नांवावर चढूं न देणें, हेंही थोडें नव्हे.

दुसरी गोष्ट तरुण कारागिरांसाठीं. जुन्या घाटावर ज्यानें स्वतःची नवी भर घातली असेल, वेणी निराळी गुंफली असेल, पट्टीची मांडणी बदलली असेल, त्यानें ती जत्रेंत मांडण्यापूर्वींच कोलकात्याच्या कचेरीकडे अर्ज धाडावा. एकट्या व्यक्तीस त्याची फी एक हजार रुपये आहे. एका बऱ्या चपलेच्या जोडाच्या किंमतींत आपल्या बुद्धीला पंधरा वर्षांचें कुंपण घालण्यास आरंभ करतां येतो, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. जुनें तें सर्वांचें म्हणून लिहून ठेवणें आणि नवें तें आपलें म्हणून वेळेवर नोंदविणें, या दोन्ही गोष्टींना कागद लागतो, आणि तो कागद कारागिराच्या हातीं नेऊन देणें हें शिकलेल्या माणसांचें काम आहे.